वाचकांचे प्रश्न : युद्धकथेतील स्थळ आणि निवेदन

युद्धकथेच्या वाचनाविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांची उत्तरे या वेळी एकत्र दिली आहेत. पत्रे मोठी होती, म्हणून प्रश्नांचा सारांश तेवढा छापला आहे. उत्तरांमध्ये चार कथांचे शेवट उघड होतात. ज्यांनी त्या वाचलेल्या नाहीत त्यांनी आधी कथा वाचाव्यात, हे पान नंतर वाचले तरी चालेल.

प्रश्न : हिंदी विषय घेऊन पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे : चंद्रधर शर्मा गुलेरी यांच्या ‘उसने कहा था’ या कथेतील निवेदनतंत्र आणि स्थलकाल यांवर मला प्रबंधिका लिहायची आहे. दोन्हींवर मी स्वतंत्र प्रकरणे लिहिली, परंतु त्यांचा एकमेकांशी संबंध दिसत नाही, असा शेरा मार्गदर्शकांनी दिला. शिवाय युद्धकथेच्या आरंभी अमृतसरच्या गाडीवानांचे एवढे लांबलचक वर्णन कशासाठी आहे, हेही मला उमगलेले नाही.

उत्तर : तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर सापडले की पहिली अडचण आपोआप सुटेल, म्हणून गाडीवानांपासूनच सुरुवात करू. इतर वाचकांसाठी कथासूत्र थोडक्यात असे आहे : अमृतसरच्या बाजारात एक बारा वर्षांचा मुलगा आणि एक आठ वर्षांची मुलगी वरचेवर भेटतात. तुझी सोयरीक झाली का, असे तो तिला चिडवत राहतो आणि एके दिवशी ती खरोखरच ‘काल झाली’ असे सांगते. त्यानंतर पंचवीस वर्षांनी तो मुलगा, म्हणजे जमादार लहनासिंह, पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवरील खंदकात आहे. त्याचे सुभेदार हजारासिंह हे त्या मुलीचे पती आहेत आणि आजारी शिपाई बोधासिंह तिचा मुलगा आहे. त्या दोघांना वाचवून लहनासिंह मरतो.

आता पहिले परिच्छेद पुन्हा वाचा. मोठ्या शहरांतील इक्केवाले चाबकापेक्षा जिभेने अधिक फटके मारतात. अमृतसरच्या अरुंद, वळणावळणाच्या गल्ल्यांतील गाडीवान मात्र प्रत्येकाला सबुरीने, आर्जवाने बाजूला सरकायला सांगतात, असे निवेदक म्हणतो. कोणी म्हातारी वाटेतून हटली नाही, तर तिला ते जे ऐकवतात त्याचा आशय असा असतो की बाई, तू जगण्याजोगी आहेस, दीर्घायुष्य तुझ्यापुढे पडले आहे, माझ्या चाकाखाली कशाला येतेस, वाच. निवेदकाचा सूर थट्टेचा आहे, त्यामुळे आपण हसून पुढे जातो. परंतु या बाजारात सारखे ऐकू येते ते ‘वाचा’ आणि ‘वाट सोडा’. जीव वाचवणे हा ज्या कथेचा गाभा आहे, तिच्यातील पहिलेच स्थळ असे निवडलेले आहे की जिथे चाकाखाली येणे आणि वाचणे ही रोजची बोली आहे.

याच ठिकाणी निवेदनतंत्राचा संबंध येतो. कथेच्या पाचव्या भागात सुभेदारीण, म्हणजे तीच बाजारातली मुलगी, लहनासिंहाला एका जुन्या प्रसंगाची आठवण करून देते. दहीवाल्याच्या दुकानापाशी टांग्याचा घोडा उधळला होता, तेव्हा हा स्वतः घोड्याच्या लाथांमध्ये शिरला आणि तिला उचलून त्याने दुकानाच्या फळीवर उभे केले होते. त्या दिवशी वाचवलेस तसेच आता माझ्या नवऱ्याला आणि मुलाला वाचव, एवढेच तिचे मागणे आहे. हा प्रसंग पहिल्या भागात नाही. निवेदकाने बाजार दाखवला, गल्ल्या, गाड्या आणि मुलांची थट्टा दाखवली. त्या गल्लीत घडलेली सर्वांत महत्त्वाची घटना मात्र त्याने जाणूनबुजून गाळली. ती आपल्याला कळते शेवटच्या भागात, तीही तिच्या तोंडून आणि मरणाऱ्या माणसाच्या स्मरणातून. तरीही ती ऐकताना आपल्याला काही जुळवून घ्यावे लागत नाही, कारण घोडे, गर्दी आणि चिंचोळी वाट यांनी भरलेला तो बाजार आपल्या मनात केव्हाच तयार आहे. म्हणजे आरंभीचे वर्णन हे गाळलेल्या घटनेसाठी राखून ठेवलेले स्थळ आहे. तुमच्या दोन प्रकरणांना जोडणारा दुवा नेमका हाच आहे. युद्धकथेतील स्थळ कसे दिसते एवढ्यावर न थांबता ते स्थळ पात्राला आणि वाचकाला काय कळू देते, काय दडवते आणि किती वेळ देते, हे विचारले की निवेदनाचा प्रश्न स्थळाच्या प्रश्नातूनच उभा राहतो.

पहिल्या भागाचा शेवटही याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. सोयरीक झाल्याचे ऐकल्यावर मुलाच्या मनात काय झाले, याविषयी निवेदक अवाक्षर काढत नाही. घरी जाताना त्याने एका मुलाला गटारात ढकलले, एका फेरीवाल्याची दिवसाची कमाई उधळली, कुत्र्याला दगड मारला, एका कोबीवाल्याच्या गाडीवर दूध ओतले आणि स्नान करून येणाऱ्या एका सोवळ्या बाईवर आदळून आंधळेपणाची शिवी खाल्ली, एवढेच तो सांगतो. मुलाचे दुःख बाजारातल्या वस्तूंवर आणि माणसांवर आदळत जाते आणि आपण ते बाहेरूनच पाहतो. मनोविश्लेषणाची पाने खर्ची घालणाऱ्या कथाकारांनी हा उतारा अधूनमधून वाचायला हरकत नाही.

दुसऱ्या भागात खंदक येतो आणि निवेदकाचा आवाज बराच मागे हटतो. कथा संवादांवर चालू लागते, याचे कारण खंदकातच आहे. तिथे पाहण्यासारखे काही नाही. चिखल, थंडी, पाऊस, बर्फ आणि अंधार आहे. न दिसणाऱ्या शत्रूची वाट पाहत बसलेल्या माणसांना बोलण्यावाचून करण्यासारखे काही उरत नाही. लहनासिंह आपली पांघरुणे आणि जर्सी बोधासिंहाला देतो, हेही आपल्याला खंदकातल्या बोलण्याचालण्यातूनच कळते आणि तो असे का करतो हे तर कळतही नाही. कारण पुढे तीन भागांनंतर सांगितले जाते. आधी कृती आणि फार उशिरा कारण, अशी या कथेची एकूण रीत आहे.

तिसऱ्या भागातील तोतया लपटनसाहेबाचा, म्हणजे लेफ्टनंटच्या वेषात आलेल्या जर्मनाचा, प्रसंग चातुर्यकथेसारखा वाचला जातो, पण तोही स्थळामुळेच शक्य झाला आहे. खंदकाच्या अंधारात अधिकारी ओळखायचा तो गणवेशावरून आणि आवाजावरून. म्हणून जर्मन अधिकारी आत येऊ शकतो, हुकूम सोडू शकतो आणि सुभेदाराला शिपायांसह दूर पाठवू शकतो. तो उघडा पडतो तोही शेगडीच्या तेवढ्याच उजेडात. शीख शिपायापुढे तो सिगारेट धरतो, त्याचे केस कैद्यासारखे कापलेले दिसतात, त्याची उर्दू पुस्तकी वाटते, आणि जगाधरीकडे नीलगायींची शिकार केल्याच्या बनावट आठवणींना तो खुशाल होकार देतो. आपण लहनासिंहाच्या एक पाऊलही पुढे नसतो. त्याला जितके दिसते तितकेच आपल्याला दिसते आणि त्याचा संशय पक्का होतो तेव्हाच आपला होतो.

पाचव्या भागात मात्र ही शिस्त मुद्दाम मोडली आहे. मृत्यूच्या थोडे आधी स्मृती फार स्वच्छ होते, असे एक विधान करून निवेदक लहनासिंहाच्या मनात शिरतो आणि पुढे खंदक, अमृतसर, सुभेदारिणीचे घर आणि स्वतःच्या अंगणातले आंब्याचे झाड यांच्यामधल्या भिंती नाहीशा होतात. सोबतच्या वजीरासिंहाकडे पाणी मागणारा आवाज तेवढा मधूनमधून येतो आणि आपण अजून खंदकातच आहोत, याची जाणीव देतो. या भागाला नुसते ‘पूर्वप्रसंगनिवेदन’ असे नाव देऊन पुढे जाऊ नका. भूतकाळ इथे माहिती पुरवण्यासाठी आलेला नाही. मरणाऱ्या माणसाला आपण कुठे आहोत हे कळेनासे झाले आहे आणि निवेदनाने ती अवस्था वाक्यरचनेत उतरवली आहे.

यानंतर लगेच येणारा शेवट वर्तमानपत्राचा आहे : फ्रान्स आणि बेल्जियम, अडुसष्टावी यादी, जखमांनी मरण पावलेला, पलटणीचा क्रमांक, हुद्दा, नाव. या यादीला अंगणातला आंबा ठाऊक नाही आणि सुभेदारिणीने काय सांगितले होते तेही ठाऊक नाही. कथा ‘सरस्वती’ मासिकात 1915 साली प्रसिद्ध झाली तेव्हा भारतीय पलटणी फ्रान्समध्येच होत्या. सप्टेंबर 1914 मध्ये त्या मार्सेलिसला उतरू लागल्या होत्या आणि त्यांतील बहुतेक पायदळ 1915 च्या अखेरीस मेसोपोटेमियाकडे हलवले गेले. त्या काळच्या वाचकाला ही यादी कथेतली युक्ती म्हणून भेटली नसणार. अशा याद्या त्याच्या हातातल्या कागदावर येतच होत्या. हा मुद्दा प्रबंधिकेत जरूर यावा, मात्र ‘ऐतिहासिक पार्श्वभूमी’ असे वेगळे प्रकरण करून नव्हे, तर शेवटाच्या विश्लेषणातच.

प्रश्न : एका निवृत्त ग्रंथपालांनी लिहिले आहे : अँब्रोज बिअर्सची ‘ॲन अकरन्स ॲट आउल क्रीक ब्रिज’ ही कथा श्रेष्ठ मानली जाते. मला मात्र ती वाचकाची फसवणूक वाटते. फाशी जाणारा माणूस दोरी तुटून निसटला, पोहत गेला, रात्रभर चालत घरी पोचला, असे पानेच्या पाने सांगायचे आणि शेवटच्या ओळीत तो मेला असे म्हणायचे, ही शुद्ध हातचलाखी नव्हे काय?

उत्तर : शेवटच्या ओळीवरच कथा तोललेली असती, तर आपले म्हणणे मान्य करावे लागले असते. केवळ धक्कातंत्रावर उभी असलेली कथा दुसऱ्या वाचनात कोसळते. ही कथा दुसऱ्या वाचनात अधिक भक्कम होते, आणि त्याचा पुरावा पुलावरच आहे.

कथा 1890 मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिचा काळ अमेरिकेच्या यादवी युद्धाचा आहे. उत्तर अलाबामातील एका रेल्वेपुलावर पेटन फार्कर या दक्षिणेच्या पक्षपाती मळेवाल्याला उत्तरेचे सैनिक फाशी देत आहेत. बिअर्स स्वतः त्या युद्धात उत्तरेच्या सैन्यात होता आणि युद्धभूमीचे नकाशे काढण्याचे काम त्याने केले होते. पहिल्या भागात ही सवय उघड दिसते. पहारेकरी कुठे उभे आहेत, नदीच्या पलीकडचा चढ कसा आहे, तटबंदीच्या झरोक्यांतून काय डोकावते आहे, तोफ कुठे रोखलेली आहे, हे सारे मोजणी करणाऱ्याच्या अलिप्तपणे सांगितले आहे. माणसाचे नावसुद्धा या भागात येत नाही. एक फळी आहे. तिच्या एका टोकाला दोषी उभा आहे आणि दुसऱ्या टोकाला सार्जंटचे वजन आहे. सार्जंट बाजूला झाला की फळी कलंडणार. म्हणजे पुलाचे बांधकामच फाशीचे यंत्र झालेले आहे आणि ते कसे चालते हे निवेदकाने आपल्याला आधीच समजावून दिले आहे.

आता खुणा पाहा. खाली नदी वेगाने उसळते आहे असे निवेदक सांगतो. तीच नदी वाहत्या ओंडक्याकडे पाहणाऱ्या फार्करला क्षणभराने मंद वाटते. त्याच्या स्वतःच्या घड्याळाची टिकटिक त्याला घणाच्या ठोक्यांसारखी ऐकू येते आणि दोन ठोक्यांमधले अंतर वाढत जाते. पात्राचा काळ आणि जगाचा काळ एकमेकांपासून सुटले आहेत, हे फळी कलंडण्यापूर्वीच सांगून झालेले आहे. तिसऱ्या भागात पाण्यातून वर आलेल्या माणसाला काठावरच्या झाडांच्या पानांवरील शिरा आणि गवतावरच्या दवबिंदूंमधले रंग दिसतात, आणि पुलावरच्या नेमबाजाच्या डोळ्याचा रंगही दिसतो. कोणत्याही डोळ्याला हे दिसणे शक्य नाही. पुढे रस्ता शहरी रस्त्यासारखा रुंद आणि सरळ आहे, पण त्यावरून कोणी गेल्याची खूण नाही, आणि आकाशातले तारे अनोळखी मांडणीत उभे आहेत. पहिल्या भागातला नकाशा इतका काटेकोर होता की हे बिनसलेले भूगोल जाणवायला हवे. ते आपल्याला जाणवत नाही, कारण तो माणूस सुटावा अशी आपली इच्छा असते. निवेदक खोटे बोलत नाही. तो फक्त कोठून पाहतो ती जागा बदलतो, आणि शेवटी घराच्या फाटकापाशी येताच क्रियापदेही भूतकाळ सोडून वर्तमानकाळात जातात.

एक आक्षेप मात्र मीही नोंदवीन. मधल्या भागात उत्तरेचा हेर दक्षिणेच्या सैनिकाच्या वेषात येऊन पाणी मागतो आणि फार्करला पुलाची माहिती देऊन सापळ्यात ढकलतो. हा भाग कथानकाची गरज भागवतो, पण त्यात आरंभीच्या आणि शेवटच्या भागांची धार नाही.

प्रश्न : शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या एका वाचिकेने विचारले आहे : एलिझाबेथ बोवेन यांच्या ‘द डेमन लव्हर’ या कथेत लढाई कुठेच नाही. तिला युद्धकथा का म्हणायचे? आणि त्यातले भूत खरे की मिसेस ड्रोव्हरच्या मनातले, या विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे?

उत्तर : लढाई नाही, पण युद्धाने रिकामे केलेले घर आहे, आणि त्या घराशिवाय ही कथा घडूच शकली नसती. लंडनवरील जर्मन बॉम्बहल्ल्यांचा मुख्य काळ सप्टेंबर 1940 ते मे 1941 हा होता. हल्ल्यांमुळे खेड्यात राहायला गेलेली मिसेस ड्रोव्हर ऑगस्टमधील एका दमट संध्याकाळी काही वस्तू नेण्यासाठी लंडनमधील बंद घरात येते. दिवाणखान्याच्या वाटेवरील टेबलावर तिला एक पत्र दिसते, त्यावर तिकीट नाही. ज्या वाङ्‌निश्चित वराशी ऑगस्ट 1916 मध्ये ती निरोपाच्या वेळी वचनबद्ध झाली होती आणि जो पुढे युद्धात बेपत्ता झाला, त्याने ठरलेल्या वेळी भेटण्याचे त्यात कळवले आहे. ती घाबरून टॅक्सी पकडते आणि चालकाचा चेहरा पाहून किंचाळते.

या घराचे वर्णन विद्यार्थ्यांना सावकाश वाचायला लावा. संगमरवरी मांडणीवर धुराचा पिवळट डाग आहे, लिहिण्याच्या मेजावर फुलदाणीने सोडलेले वर्तुळ आहे, दाराची मूठ आदळून भिंतीवरच्या कागदाला पडलेला वळ आहे. राहणारी माणसे गेली आणि त्यांच्या सवयींच्या खुणा मागे राहिल्या. यानंतर 1916 च्या बागेतल्या निरोपाचा प्रसंग येतो. काळोख आहे, त्याचा चेहरा तिला नीट दिसत नाही, आणि तो तिचा हात आपल्या गणवेशाच्या गुंडीवर इतका दाबून धरतो की तळव्यावर गुंडीचा वळ उमटतो. घरावरचे वळ आणि तळव्यावरचा वळ ही एकाच हाताची योजना आहे. पहिल्या महायुद्धाने तिच्यावर उमटवलेली खूण पुढच्या संसाराखाली झाकली गेली होती, दुसऱ्या महायुद्धाने संसार घराबाहेर काढला आणि ती पुन्हा उघडी पडली. घर रिकामे होताच मधली वर्षे रद्द झाली, असा या कथेतला काळ आहे.

आता भुताविषयी. निवेदन तृतीयपुरुषी आहे, पण ते बहुतेक वेळ मिसेस ड्रोव्हरच्या खांद्याशी राहते. घराची देखरेख करणारा माणूस गावी गेला आहे, शेजारपाजार ओस आहे, रस्त्यावर कोणी नाही. तिने जे पाहिले किंवा ऐकले त्याला दुजोरा देणारा किंवा ते खोडून काढणारा एकही साक्षीदार स्थळाने शिल्लक ठेवलेला नाही. त्यामुळे दोन्ही वाचने शक्य होतात, आणि ती शक्य होण्याचे श्रेय ओस पडलेल्या लंडनला आहे. सुरुवातीलाच निवेदक सांगतो की तिचे येणे एका मांजराखेरीज कोणाही मानवी डोळ्याने पाहिले नाही. हे वाक्य पहिल्या वाचनात निरुपद्रवी वाटते, दुसऱ्या वाचनात तसे राहत नाही.

विद्यार्थ्यांनी कौल द्यायलाच हवा असे नाही, पण दिला तर पुराव्यासह द्यावा. ‘सारे तिच्या मनाचे खेळ’ असे म्हणणाऱ्याने तळघरातून अचानक आलेला वारा, बिनतिकिटाचे पत्र आणि शेवटची टॅक्सी यांचा हिशेब दिला पाहिजे. ‘खरे भूत’ म्हणणाऱ्याने निवेदकाने त्याचा चेहरा एकदाही का दाखवला नाही, हे सांगितले पाहिजे. माझा कल असा की केवळ मानसिक आजाराचा दाखला म्हणून कथा वाचल्यास ती लहान होते. मग युद्धाने केलेले नुकसान एका बाईच्या मज्जातंतूंपुरते उरते.

प्रश्न : एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने विचारले आहे : लिअम ओफ्लॅहर्टी यांच्या ‘द स्नायपर’मध्ये नायकाला नावच नाही. हा व्यक्तिचित्रणातला दोष मानावा काय?

उत्तर : नाही. आयर्लंडच्या यादवीत डब्लिनच्या एका छपरावर लपलेला नेमबाज रस्त्यापलीकडच्या छपरावरील शत्रूला मारतो, खाली उतरून प्रेत उलथवतो, आणि तो त्याचा सख्खा भाऊ असतो. छपराच्या कठड्याआडून दिसते ते एक डोके, एक टोपी, सिगारेटची ठिणगी. त्या अंतरावर कोणालाच नाव नसते. निवेदकाने नाव दिले असते तर नेमबाजाला जे कळू शकत नव्हते ते वाचकाला आयते कळले असते, आणि शेवटी रस्ता ओलांडून जवळ जाण्याला काही अर्थ राहिला नसता. उत्तरपत्रिकेत ‘नाव नाही, म्हणून तो कोणाही सैनिकाचे प्रतीक आहे’ असे लिहिण्याची पद्धत आहे. ते चूक नाही, पण ते कोणत्याही निनावी पात्राविषयी लिहिता येते. या कथेपुरते सांगायचे तर दोन छपरांमधले अंतर आणि मावळत चाललेला जूनमधला संधिप्रकाश यांच्याविषयी लिहा.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेसाठी वाङ्मय हा विषय घेतलेल्या एका वाचकाने विचारले आहे : युद्धकथेचे विश्लेषण करताना इतिहास किती द्यावा? मी सनावळ्या पाठ करतो, पण गुण मिळत नाहीत.

उत्तर : ज्या माहितीने कथेतील एखादे वाक्य वेगळे वाचले जाते तेवढीच द्यावी. वरच्याच कथेचे उदाहरण घेऊ. दूरवर फोर कोर्ट्स या इमारतीभोवती तोफा गर्जत आहेत, असा तिथे उल्लेख येतो. या इमारतीवर तोफांचा मारा 28 जून 1922 रोजी सुरू झाला, त्याच्याशी ही यादवी सुरू झाली आणि ती मे 1923 पर्यंत चालली. कथा प्रसिद्ध झाली ती 1923 च्या जानेवारीत. एवढ्या तीन गोष्टी पुरेत, कारण त्यांतून निष्पन्न काय होते ते पाहा : वाचकांच्या हातात कथा पडली तेव्हा भाऊ भावाला मारण्याचे थांबलेले नव्हते, आणि कथेतले छप्पर यादवीच्या अगदी आरंभीचे आहे, जेव्हा कालपर्यंत एका बाजूने लढलेली माणसे नुकतीच समोरासमोर आली होती. शेवटचा चेहरा हा योगायोग म्हणून वाचायचा की त्या यादवीचे वर्णन म्हणून, हे या माहितीने ठरते. इंग्लंडशी झालेल्या तहाची कलमे, पक्षांची नावे आणि नेत्यांच्या तारखा यांनी ते ठरत नाही. त्या इतिहासाच्या पत्रिकेसाठी ठेवा.

उलट बाजूचे उदाहरणही लक्षात घ्या. ‘उसने कहा था’मध्ये कोणती लढाई आहे, खंदक नेमका कोणत्या गावाजवळ आहे, हे शोधण्यात अनेकजण वेळ घालवतात. लहनासिंहाला ते महत्त्वाचे नव्हते. त्याला पंजाबच्या थंडीशी तुलना करता येईल इतपतच त्या मुलुखाची ओळख आहे, आणि निवेदकही त्याच्याहून अधिक ओळख करून घेत नाही. नकाशावर बोट ठेवता न येणे हाच तिथे परक्या आघाडीवर गेलेल्या शिपायाचा अनुभव आहे, म्हणून उत्तरपत्रिकेत गावाचे नाव टाकण्यापेक्षा ते कथेत का नाही यावर दोन ओळी लिहिल्यास परीक्षकाला तुम्ही कथा वाचली आहे असे दिसेल.